जलीला रकीकला काय द्यायचे नाही

मी, डॉ. बेया तरीकी, दिवंगत प्राध्यापक तिजानी शाबूनी यांची पत्नी, व्यवसाय हृदयरोगतज्ज्ञ (आता निवृत्त), राहणार ग्रेमदा रस्ता, स्फाक्स, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते सहन करण्याचा माझा स्वभावही नाही. बुद्धी शाबूत असल्याचा मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचा दाखला मी कोणाकडून घेतला नाही, ते मी स्वतः ऐकते. तिजानी हयात असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे त्यालाच दिले होते.

१. मला मूलबाळ नाही. कायद्याने घर आणि बाग माझा धाकटा भाऊ सादोक याच्याकडे जाईल. मला मर्जीप्रमाणे फक्त एक तृतीयांश वाटता येते. पुढचे सगळे त्यातले आहे. सादोकने बदामाची झाडे तोडून गॅरेज बांधू नये. तो बांधणारच, निदान बदाम उतरवून मग बांधावे.

२. हृदयाच्या ठोक्यांचे सर्व ध्वनिमुद्रण मी वैद्यकीय महाविद्यालयास देते. ते माझे आहे, हे स्पष्ट करण्यासाठी थोडे लिहिणे भाग आहे.

मी विद्यार्थ्यांना स्टेथोस्कोपने ऐकायला शिकवत असे. परीक्षेत ते बिघडलेल्या झडपेचा आवाज ओळखत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर विसरून येत. एकदा जेवताना मी याबद्दल चडफडत होते. तिजानी गणिताचा प्राध्यापक. त्याने माशाचा काटा बाजूला काढत विचारले, "विसरतात ते किती वेगाने?"

"मला काय माहीत? विसरतात एवढं कळतं."

"मग ते मोजता येईल. पण माणसं शिकतात कशी, हे कळणारं कोणी तरी लागेल."

असे कोणी तरी मीच शोधले. अध्यापक विद्यालयात शिकवणारी जलीला रकीक. तिला या घरात मी आणली, माझ्या हातचा कुसकुस मी वाढला, हे इथे नोंदवून ठेवते. आवाज मी गोळा केले, एकेका रुग्णाच्या छातीला यंत्र लावून. कोणता आवाज कधी पुन्हा ऐकवायचा, आज, परवा, मग आठवड्याने, मग महिन्याने, हे जलीलाने ठरवले. त्या वाढत्या अंतरांचे गणित तिजानीने मांडले. मुले विसरेनाशी झाली.

३. या पद्धतीवरच्या आमच्या शोधनिबंधावर तिघांची नावे वर्णमालेच्या क्रमाने छापली. फ्रेंच स्पेलिंगात शाबूनी 'सी'ने सुरू होतो म्हणून पहिला येतो, रकीक मधे आणि तरीकी शेवटी. लोकांना तीन नावे उच्चारायचा कंटाळा. ते 'शाबूनी-रकीक पद्धत' म्हणू लागले. परदेशी पाहुणे घरी येत आणि त्या दोघांना नवराबायको समजून माझ्याकडे कॉफी मागत. मी संत्र्याच्या फुलांचे पाणी घालून कॉफी देत असे. ध्वनिमुद्रणाच्या कपाटावर महाविद्यालयाने माझे एकटीचे नाव लावावे, या अटीवरच कलम दोन लागू होईल.

४. ओसरीतला फळा गणित विभागास. तो मला डोळ्यांसमोर कधीच नको होता. त्या फळ्यासमोर ती दोघे खडूची वक्र रेषा काढत आणि मधेच हसत. मी विचारी, "काय झालं?" तिजानी नीट, धीराने समजावून सांगे. समजावून झाल्यावर त्यात हसण्यासारखे काही उरत नसे. त्यांच्यात भलते काही असते, तर मी एक दिवस भांडून माहेरी गेले असते आणि मोकळी झाले असते. तसले काहीच नव्हते. जे होते त्याला काय म्हणावे, हे मला आजही ठाऊक नाही. म्हणून त्याची तक्रारही करता आली नाही.

५. चाकांची खुर्ची आणि जलीलाने केलेले चित्रांचे पत्ते, हे दोन्ही इस्पितळात वाचा गेलेल्या रुग्णांसाठी. तिजानीच्या दफनानंतर जलीलाने पत्ते मागितले होते. मी दिले नाहीत. आताही देत नाही.

तिजानीला दाढी करताना पक्षाघाताचा झटका आला. वस्तरा पडल्याचा आवाज ऐकूनच मला कळले. त्याचा जीव मी वाचवला, हे इस्पितळातले सगळे सांगतील. शब्द मात्र गेले. एकच उरला: 'बरोबर'. पाणी हवे का? बरोबर. दुखते का? बरोबर.

जलीला आली ती पत्ते घेऊनच. म्हणाली, "आपलीच पद्धत आहे. त्याच्यावरच वापरू."

"तो विद्यार्थी नाही गं, पेशंट आहे."

"आता दोन्ही आहे. तू डॉक्टर आहेस, मला अडवायचं तर अडव."

मी अडवले नाही. ती रोज येई, त्याच्यासमोर बसून पत्ता धरी. मी स्वयंपाकघरात बदाम सोलत कान देऊन असे. 'भाकरी' आले. 'मासा' आले. आणि मग एका सकाळी स्वच्छ आवाजात 'जलीला' आले. माझ्या हातातला बदाम तसाच राहिला.

ती स्वयंपाकघरात आली. "बेया, मी रोज समोर बसते म्हणून माझं नाव आलं. तुझं नाव मी पत्त्यांत घातलेलंच नाही."

"का नाही घातलंस?"

"तुझं नाव त्याला शिकवायचं म्हणजे ते गेलंय असं धरायचं. मला ते धरवेना."

मग मी स्वतःच शिकवायला लागले. मी खोलीतून बाहेर जाई, तिने सांगितलेले वेळेचे अंतर सोडून दार वाजवून आत येई आणि विचारी, "मी कोण?" तो हसे आणि म्हणे, "डॉक्टर." पुन्हा जाई, पुन्हा येई. "डॉक्टर." चूकही म्हणता येईना.

एके दिवशी मी इस्पितळात कामावर होते. परत आले तर जलीला दारातच उभी. "बेया, त्याने तुझं नाव घेतलं." मी चप्पल न काढता आत धावले. त्याचा हात धरून विचारले, "तिजानी, मी कोण?" तो माझ्याकडे बघून खूप वेळ हसला आणि म्हणाला, "बरोबर."

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला, आणि तो गेला.

तेव्हा शब्द गेल्यानंतर त्याच्या तोंडून माझे नाव या जगात एकाच माणसाने ऐकले आहे, आणि ते माणूस मी नाही. निबंधाचे, फळ्याचे, हसण्याचे मी एखादे वेळी सोडले असते. हे सुटत नाही.

६. जलीला रकीक हिला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. वकील उस्ताज़ नबील अय्यादी म्हणाले की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असा दंडक आहे. म्हणून मी तिला साक्षीदार होण्यासाठी बोलावले आहे.

७. हे कलम जलीला समोर बसली असताना लिहीत आहे. तिने वरचे सगळे वाचले. चष्मा पुसून म्हणाली, "मला काही द्यायला लागू नये म्हणून बोलावलंस?"

"हो."

"चालेल. पण पाचव्या कलमात चूक आहे. चुकीवर मी सही करणार नाही."

"कसली चूक?"

"तू लिहिलंयस की त्याने नाव घेतलं. नुसतं नाव नव्हतं ते. त्याने दाराकडे बघितलं आणि विचारलं, 'बेया कुठाय?'"

मी म्हटले, "इतकी वर्षं हे सांगितलं नाहीस?"

"दारात सांगायला लागले तर तू धावलीस. नंतर कधी त्याचा विषय काढला की तू उठून कॉफी करायला जायचीस."

पत्त्यांवर फक्त वस्तूंची नावे होती. 'कुठे' हा शब्द त्याला कोणीही शिकवला नव्हता. मी विचारले, तेव्हा जलीलानेही तेच सांगितले. ते त्याचे त्याने जुळवले होते, आणि माझ्यासाठी.

ही दुरुस्ती मला मान्य आहे. ती मूळ मजकुराचा भाग समजावी. कलम सहा मात्र आहे तसेच राहील. जलीलाने वाचून त्याला हरकत घेतलेली नाही. ती कॉफीसाठी थांबली आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो माझाच आहे.

(सही) डॉ. बेया तरीकी

साक्षीदार:
(सही) जलीला रकीक, निवृत्त अध्यापिका. दुरुस्तीसह.
(सही) हमादी मसमूदी, औषधविक्रेते, शेजारी

ठिकाण: स्फाक्स
दिनांक: २ नोव्हेंबर २०१९