डुलत्या खुर्चीचा बचाव

३ मार्च

चि. धाकटी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

घटना घडल्या त्याच क्रमाने मांडतो, म्हणजे तू मधूनच हसायला लागणार नाहीस. प्रथम, इंटरनेटवरील तुझ्या दुकानाच्या पानावर एका दंतवैद्याने लिहिले की तू केलेली डुलती खुर्ची करकरते. तुझा थोरला भाऊ आणि जन्मभर पुलांचे शास्त्र शिकवलेला प्राध्यापक या नात्याने मी तेथेच लिहिले की हे अशक्य आहे. त्यावर त्याने करकरीचे ध्वनिमुद्रण टाकले. मी भार व सांधे यांची आकृती काढून दाखवली; त्याने जांभई देणारे चित्र पाठवले. दात उपटणाऱ्याने लाकडाविषयी बोलावे, तेही असे! वाद चालू असून दुसरी आकृती तयार आहे. तू मात्र तेथे गप्प कशी?

लोभ आहेच, तो वाढवण्यापूर्वी तुझे मौन सोड.

दादा

७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आकृती सुरेख आहे. कारागिरांनी भिंतीवर लावली. आता ऐक. खुर्ची करकरते. लाकूड पुरतं वाळायच्या आधीच मी घाईनं जोडली. ‘घेऊन या, नीट करून देते’ एवढंच लिहिणार होते, तोवर तू मैदानात उतरलास.

इथे मोडकं घेऊन आलेला माणूस माझ्या शेजारी बसतो, दुरुस्ती बघतो आणि जाताना आणखी काहीतरी करायला सांगून जातो. अर्धं दुकान तक्रारींवरच चालतं. तुझं वाचल्यापासून कोणी फिरकत नाही. काल एका बाईंना टेबल फार आवडलं. दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि हळूच विचारलं, “काही बिघडलं तर तुमचे दादा येतात का?” टेबल इथेच आहे.

तुझं बरोबर की त्याचं, हा प्रश्नच नाही रे. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल. माझ्यासाठी एकदा हरून ये. वहिनींना नमस्कार, तुला उत्तर न देता इतकी वर्षं कशी काढली, ते विचारून कळव.

रागावलास तरी तुझीच,
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटी हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रश्न वहिनीस वाचून दाखवला. तिने उत्तर दिले नाही.

आकृती काढून टाकली आहे. तेथे केवळ ‘खुर्ची दुकानात न्यावी, ती दुरुस्त होईल’ असे लिहिले. त्यावर दंतवैद्य म्हणतो, ‘शेवटी पटले तर!’ मला पटलेले नाही. माझे म्हणणे वाळलेल्या लाकडाविषयी होते. ओल्याबद्दल मी अवाक्षर काढले नव्हते. तसे सविस्तर लिहूनही झाले होते. परंतु एव्हाना त्याने खुर्ची गाडीत घातली असेल, या विचाराने ते पुसले. त्याचे ते धादांत चुकीचे वाक्य आता सर्वांच्या शेवटी, जगाला दिसेल असे उभे आहे. मी रोज जाऊन ते वाचतो आणि काहीही न लिहिता परत येतो. पूल उभारणे याहून सोपे.

तो येऊन गेला का, करकर नेमक्या कोणत्या सांध्यात निघाली आणि जाताना त्याने काय करायला सांगितले, हे तपशिलाने कळव. उत्तर लेखी हवे, आणि फक्त मला.

दादा