बोलावणं मी फोनवर केलं

आई, माझाही गुडघा आता वाजायला लागलाय. जिना उतरताना कटकट करतो, आणि खाली बसून उठताना तोंडातून ‘आई गं’ निघतंच, म्हणजे दिवसातून दहा वेळा तुला हाक जाते. ‘आता कशी जिरली?’ असं तू म्हणाली असतीस आणि लगेच तेलाची वाटी गरम करायला ठेवली असतीस. मागच्या आठवड्यात लेक मला गुरुग्रामला तिच्या सोसायटीजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. लेकीपेक्षाही लहान मुलगी. मी तिला जरा रुबाबातच सांगितलं, की दुखायला लागल्यापासून मी चालणं बंद केलंय, जिना टाळते. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ती म्हणाली, “आंटी, ये तो आपने उल्टा कर दिया.”

मग तिने मला समजावलं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, कूर्चा, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यात जे पाणी असतं त्यावरच तिचं पोट भरतं. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की ते पाणी ओढून घेते. “बैठे रहोगे तो उसको खाना कौन देगा?” झिजलेलं भरून येत नाही म्हणाली, पण मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणून सोसेल तेवढं रोज चालायचं. लेक फोनवर सगळं टिपून घेत होती. मी नुसती मान डोलावत होते, कारण मला तू दिसत होतीस.

संक्रांत झालेली आहे, दिल्लीची थंडी हाडात शिरतेय, आणि तू अंगठ्याचे लोकरीचे मोजे, त्यावर चपला, अंगावर शाल अशा थाटात कुंकवाचा करंडा घेऊन हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाली आहेस. आपल्या सरकारी कॉलनीत मराठी घरं विखुरलेली, कुठल्याच इमारतीला लिफ्ट नाही. तू कठडा धरून चढतेस, कपाळाला कुंकू लावून बोलावतेस, चहाला नको नको म्हणत बसतेस, पुढच्या घरी जातेस. दोन दुपारी लागायच्या. फोन कर ना, असं मी म्हटलं की म्हणायचीस, “कुंकू काय तारेतून लावू?”

त्या वर्षी डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यांचा एक्स-रे पाहून ‘झीज आहे, जपा’ म्हटलं. जपणं म्हणजे बसवून ठेवणं, हा अर्थ माझा. पुढच्या संक्रांतीला मी एका सकाळी डायरी घेऊन सगळ्या बायकांना फोन केले. करोल बागेतून तुझ्यासाठी हातांची उंच खुर्ची आणली. भाजी मी आणायची, दूध मी आणायचं. “अगं, मी काय काचेची आहे?” तू चिडून विचारलंस. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मात्र माझं कौतुक केलं, आणि मी ते खुशाल घेतलं. वर्षभरात तुला दुधाच्या बूथपर्यंतही जाववेना. तेल लावताना तुझ्या मांड्या हाताला बारीक लागायच्या. वयाचंच आहे, असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी निघताना मी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला विचारलं, माझी आई चालत राहिली असती तर? ती म्हणाली, “बिल्कुल ठीक तो नहीं होतीं, आंटी. पर कुछ फ़र्क़ तो पड़ता.” तो ‘कुछ’ काही केल्या मनातून जात नाही. मी तुझ्यावर जीव टाकत होते गं, आणि तोच तुला महागात पडला.

हे पाठवणार कुठे! लेकीला वाचायला देणार होते, पण तेही नको. कारण एक गोष्ट तिला ठाऊक नाही. मी फोन केले त्याच संक्रांतीत एका दुपारी तू म्हणालीस, “तळमजल्यावरच्या काकूंना तरी कुंकू लावून येते. तू चल बरोबर, मी हळूहळू उतरते.” मी म्हटलं, “नको, गुडघे दुखतील.” तू करंडा बाजूला ठेवलास. गुडघ्यांची काळजी होती, ते खोटं नाही. पण तुझ्याबरोबर एकेका पायरीवर थांबत उतरायचा मला कंटाळा आला होता. त्या दुपारी मला दुसरं काही कामही नव्हतं, आई.