पहिल्या ओळीतलं नाव

३ ऑगस्ट, रवि.
मीनलने रेवासाठी इंटरनेटवरून गणिताचा जुना गेम शोधून काढला. मी शिकवायचे त्या आमच्या शाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवरचाच. वरून गणितं पडतात, खाली यायच्या आत उत्तर टाइप करून फोडायची. लेकीला म्हणते, "तुझी आई यात शाळेत पहिली होती. विचार आजीला!" मी मान डोलावली. चहाचे कप उचलून आत गेले.

५ ऑगस्ट, मंगळ.
लिहूनच टाकते. पहिली मीनल नव्हतीच. पेठ तालुक्यातली यमुना होती. पाचवीतली, वसतिगृहातली, एकोणतीसपर्यंत पाढे तोंडपाठ. त्या दिवशी तिने सगळ्यांना मागे टाकलं. पडद्याने विजेत्यांच्या यादीसाठी नाव मागितलं आणि तेवढ्यात जेवणाची घंटा. "बाई, तुमीच टाका ना माझं नाव. मला इंग्रजी नाय येत." पळाली.
मी माझ्या लेकीचं नाव टाकलं. मीनल आदल्या दिवशी हरून रडली होती, एवढंच कारण. तिला सांगितलं, तुझा कालचा स्कोअर मशीनने आज लावला. पोरीने विश्वास ठेवला.
दुसऱ्या दिवशी पडद्यावरची यादी बघून यमुना विचारते, "यातलं माझं कुठलं?" मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. लाज कशी वाटली नाही मला!

१३ ऑगस्ट, बुध.
यमुनाचा फोन. शाळेतून नंबर मिळवला म्हणे. पेठजवळ गणित शिकवते.
"बाई, ती अक्षरं मी वहीत उतरवून घेतली होती. सुट्टीत घरी नेली. बाने दारावर खडूने लिहिली, आमच्या यमुनाचं नाव म्हणून."
"मग?"
"मग सहावीत इंग्रजी वाचता आलं."
"बोलली का नाहीस गं?"
"मला वाटलं मशीनच चुकलं. बाई कशा चुकतील?" आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ मला लागेना.
रविवारी येतेय. नागलीचे पापड आणणार, मला आवडायचे म्हणून. तिला तेही लक्षात.

१६ ऑगस्ट, शनि.
मीनलला सांगायला बसले. "आई, यमुना येतेय? मग मी थांबतेच. तिच्यासमोर रेवाला खेळायला लावू, मज्जा!" पुढचं सांगितलंच नाही. भित्री मेली मी.

१७ ऑगस्ट, रवि.
साडेदहा. सीबीएस स्टँडवर एसटीतून उतरल्याचा तिचा फोन येऊन गेला. पोहे भिजवलेत. आता सांगते, मग सांगते करत सकाळ गेली. वाक्यसुद्धा ठरवलंय, मीनल, ते नाव मी
रिक्षा थांबली. मीनल खिडकीतून ओरडतेय, "आई, तुझी यमुना आली गं! हातात कसली तरी जुनी वही आहे."
मी अजून इथेच बसून लिहितेय.