टेकचंदचे पोट

मुलींचे वसतिगृह, नागपूर
४ डिसेंबर १९७७

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आईने धाडलेले मुरमुऱ्याचे लाडू खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केले. माझी तब्येत ठीक आहे, पण खरे सांगायचे तर मी घाबरले आहे. डॉक्टर व्हायचे म्हणजे मेलेल्या माणसावर शिकावे लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हातपाय शिकून झाले, आता पोट सुरू झाले आहे. आमच्या टेबलावरचा माणूस पन्नाशीचा, बेवारस. नावसुद्धा नाही, फक्त नंबर. त्याच्या खांद्यावर पोती वाहून पडलेला घट्टा आहे, अगदी तुमच्यासारखा. तो दिसला तेव्हा मी बाहेर जाऊन बसले.

तरी शिकते आहे. पोटाची पुढची भिंत म्हणजे नुसते कातडे नाही. दोन्ही कुशींना स्नायूंचे तीन-तीन थर. बाहेरच्या थराचे धागे, खिशात हात घालताना बोटे जातात तसे तिरपे उतरतात. त्याखालच्याचे नेमके उलट, आणि सगळ्यांत आतल्याचे आडवे. मधोमध बरगड्यांपासून खाली दोन उभे पट्टे. तुम्ही बाज विणताना सुतळी उलटसुलट नेता, तशीच ही वीण आहे. उताणे निजून नुसते डोके उचला, उभे पट्टे हाताला कडक लागतील. आईला करायला सांगा, हसेल ती.

या भिंतीत एक जागा कच्ची असते, जांघेच्या जरा वर. बापाला असे लिहिताना संकोच वाटतो, पण आमच्या पुस्तकात सगळे उघडेच लिहिलेले असते. आमच्या माणसाला तिथेच मोठी गाठ आहे. सर म्हणाले, आतडे त्या वाटेने बाहेर येऊन अडकले असावे, बहुधा त्यातच गेला.

आहे ती माया तशीच राहू द्या.
तुमची
ललिता


अड्याळ
९ डिसेंबर १९७७

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवले. सरडा दिसला तरी माझ्या धोतरामागे लपणारी पोरगी आता माणसाच्या पोटात डोकावते, याचे मला नवल वाटते. आई म्हणते, तिले म्हणा भेऊ नोको, मेलेला माणूस काही करत नाही, जो करते तो जिताच करते. तिला बाजेवर निजवून डोके उचलायला लावले. खरोखर हसली.

धान निघाल्यामुळे मिलमध्ये पोत्यांची रीघ आहे. आमच्यात टेकचंद नावाचा एक हमाल आहे. तू लिहिलेस त्याच जागी, उजवीकडे, त्याला लिंबाएवढी गाठ आहे. पोते उचलले की येते, निजले की आत जाते. वर्ष झाले, दुखत नाही. यात भिण्यासारखे काही आहे का, असे तो विचारतो. त्याला काय सांगू ते कळव.

जेवण वेळेवर करत जा. आमचा जीव तुझ्याकडे लागलेला असतो.
तुझा बाप
यादोराव


नागपूर
१४ डिसेंबर १९७७

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

टेकचंदकाकांना सांगा की भिण्यासारखे आहे. आज आत जाते म्हणून उद्याही जाईलच असे नाही. पोते उचलताना आतून जोर येतो आणि ती कच्ची वाट रुंद होत जाते. ऑपरेशन करून ती शिवतात, दुसरा इलाज नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी भंडाऱ्याला न्यायचे. अडकलेल्या आतड्याचे रक्त बंद होते आणि ते आतल्या आत काळे पडते. चोळायचे तर मुळीच नाही, नाहीतर फुटते. हे सगळे त्यांच्या घरच्या बाईलाही सांगा.

एक विचारते, रागावू नका. हे काका मिलमध्ये केव्हा लागले? तुमच्या तोंडून त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते.

पत्राची वाट पाहते. मला घाबरायला आजकाल फार वेळ लागत नाही.
तुमची
ललिता


अड्याळ
२४ डिसेंबर १९७७

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

टेकचंद नवाच आहे. तो म्हणतो, दवाखान्यात धोतर सोडून परक्या बायांपुढे निजायचे, त्यापेक्षा मेलेले बरे. शिवाय हंगाम आहे. आपल्या सुंदरबाईने त्याचे पोट पाहिले. ती म्हणते, यादोराव, हे काही आतडंबितडं नाही, बेंबी सरकली आहे. तिने गावातल्या कितीतरी लोकांची बेंबी तेल लावून, चोळून जागेवर बसवली आहे. तुलासुद्धा तिनेच बरे केले होते. शनिवारी मिल बंद असते, तेव्हा ती सकाळी उपाशीपोटी चोळून गाठ आत बसवणार आहे.

गाठ आता लवकर आत जात नाही, अर्धा तास दाबून धरावी लागते. रात्री मला भीती वाटते, म्हणजे टेकचंदला वाटते. तू उगाच काळजी करू नकोस, अभ्यास कर.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
यादोराव


(पोस्टकार्ड)
अड्याळ
२६ डिसेंबर १९७७

ललिता बेटा, जयभीम.

मले लिहता येत नाही म्हणून पोस्टमन पुंडलिकरावले सांगून लिहवून राहिली. तुह्यं मागचं पत्र दोन कागदाचं होतं. तुह्या बापानं एकच वाचलं अन् दुसरा घडी करून टोपीत ठेवला. मले वाचता येत नाही, कागद तं मोजता येते. मिलमध्ये जाऊन विचारलं. टेकचंद नावाचा कोणीच नाही तिथं. तुह्या बापालेच आहे ते. लाजेपायी लपवून राहिले. भाकर अर्धी टाकून उठतात. शनिवारी सुंदरबाई चोळाले येते. चोळू देऊ का नोको, ते लवकर कळव. कार्ड सारं गाव वाचन, वाचू दे. मले लय भेव लागून राहिलं.

तुही आई, जनाबाई


(तार)
नागपूर, ३० डिसेंबर १९७७

पोट चोळू देऊ नका. बाबांना ताबडतोब भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या. मी निघाले. ललिता.


दवाखाना, भंडारा
१४ जानेवारी १९७८

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

काल टाके काढले. तू आठ दिवस उशाशी बसलीस तेव्हा तोंडाने सांगता आले नाही ते लिहितो, कारण बापलेकीत अशा गोष्टी बोलायची आपल्याकडे रीत नाही. त्या रीतीपायी मी मरत होतो.

त्या शनिवारी पहाटे दोन उलट्या झाल्या. गाठ दगडासारखी झाली होती, आत जाईना. सुंदरबाईने तेल कोमट करून हात ठेवला तोच पुंडलिकरावने कुंपणाच्या कुडापासूनच तुझी तार मोठ्याने वाचली. मोहल्ला ऐकत होता. सुंदरबाईचा हात थांबला. मीच म्हणालो, बाई, दाब एकदा, सहन होत नाही. तर तुझ्या आईने तेलाची वाटी उचलून अंगणात फेकली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. म्हणाली, आता चोळाचं असन तं मले चोळा.

मिलच्या ट्रकमध्ये पोत्यांवर निजवून मला इथे आणले. आयुष्यभर पोती मी वाहिली, त्या दिवशी पोत्यांनी मला वाहिले. वाटभर तुझ्या टेबलावरचा माणूस डोळ्यांपुढे होता. खांद्यावरच्या घट्ट्यावरून मी सारखा हात फिरवत होतो, कारण तो मीच आहे असे वाटत होते. बेटा, इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, वीतभर आतडे काळे पडले होते, ते कापले. चोळले असते तर फुटले असते. मी त्यांना विचारले, साहेब, तिन्ही थर नीट विणले ना?

आता एक काम सांगतो. त्या माणसालाही कोणीतरी चोळत बसले असेल, नाहीतर तोही लाजला असेल. त्याच्या पोटावर तू शिकलीस म्हणून माझे वाचले. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे, असे तू लिहिले होतेस. टेकचंद हे नाव मी खोटेच घेतले होते. आता मला त्याची गरज नाही. ते त्याला दे, आणि सोमवारी टेबलापाशी गेलीस की आधी त्याला माझा जयभीम सांग.

तुझा बाप
यादोराव