पाया भरायच्या आधी

रविवार, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तब्येत बरी असेल. नसली तरी तू सांगणार नाहीस, तेव्हा विचारत नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. इकडे मुलगा, सून, नात सगळे मजेत. मी घर बांधतेय.

घर म्हणजे अंगणामागच्या मोकळ्या जागेत एक लाकडी खोली. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस, सुनेशी काही वाजलेलं नाही. माझ्या खोलीत नातीचा अभ्यास आला आणि शिलाई मशीन जिन्याखाली गेलं. तिथे मान खाली घालून बसावं लागतं, आणि ते मला जन्मात जमलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आणि मुलगा काम करतो. पाया, खांब, तुळया सगळं तो मोबाइलवर बघून शिकलाय. मी म्हटलं, लाकूड कापायच्या आधी कागद कापायचा. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले, पण थेट कापडाला कात्री कधी लावली नाही. म्हणून वर्तमानपत्रं खळीने चिकटवून एका भिंतीचा सांगाडा बेतला, अगदी पुऱ्या मापाचा. उभे खांब, आडव्या पट्ट्या, खिडकीची चौकट, सगळं. वाळेपर्यंत तो बैठकीत पसरला होता, त्यामुळे घरातले लोक भिंतीवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जात होते. सुतार आला आणि चहा होईपर्यंत खिडकीखालच्या बातम्या वाचत बसला. मग म्हणाला, असंच कापून देतो, फक्त खिडकीच्या वर जाड तुळई टाका, नाहीतर छत खिडकीत येऊन बसेल. मी ते मुकाट्याने मान्य केलं.

पाया काही कागदावर निघेना. गवंड्याने दोरी धरून चुन्याच्या फक्कीने रेषा मारून दिल्या. दुसऱ्या दिवशी सून चहा घेऊन आली ती सरळ भिंतीतूनच. मी तिला मागे फिरवलं, दारातून ये म्हटलं. तर ती वळसा घालून आली आणि वर "येऊ का आत?" म्हणून विचारलंन. अशा मुलीशी माणसाने भांडायचं तरी कसं?

खरी फजिती पुढेच. मी गवंड्याला म्हटलं, सध्या एकीपुरती खोली कर, पण शिवणात सोडतो तशी चारी बाजूंनी माया सोड, पुढेमागे उसवून मोठी करता येईल. तो फावडं टेकून पोट धरून हसला.

"आजी, ब्लाउज उसवतो, काँक्रीट उसवत नाही. राहणार किती जणं ते आत्ताच सांगा. महिनाअखेरीला पाया भरतोय."

त्याच संध्याकाळी मी रेषा पुसून खोली चार फुटांनी वाढवून आखली. मुलाला सांगितलं, मशीनसाठी. सुनेला सांगितलं, कापडांच्या गठ्ठ्यांसाठी. गवंड्याला सांगितलं, पाहुण्यांसाठी. तो म्हणाला, पाहुण्यांसाठी कुणी पाया खणतं होय?

बरं, सांगते. तुझ्या पलंगासाठी.

आता गेल्या वेळचं उकरून काढू नकोस. आठवडाभर राहिलीस आणि खिडकी उघडी की बंद यावरून बॅग उचलून चालती झालीस. या खोलीला दोन खिडक्या आहेत. तुझी तू उघडी ठेव, माझी मी बंद ठेवीन.

तुझे भावजी गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडत नाही गं. मुलगा "बरं आई" म्हणतो, सून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते. सगळे गुणाचे आहेत आणि मी त्यांच्यात एकटी पडलेय. तू तिकडे भाड्याच्या खोलीत एकटी. मला तू हवी आहेस. लिहिलं बाई एकदाचं.

नाही म्हणालीस तरी राग नाही. चार फूट पुसायला बादलीभर पाणी पुरेल. पण पाया भरायच्या आधी कळव. सोबत मापं जोडलीत.

वाट बघायची सवय नसलेली,
ताई

---

शनिवार

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. तुझं ते "मला तू हवी आहेस" वाचून आधी संताप आला, की एवढं म्हणायला या बाईला पाया खणावा लागला. मग बराच वेळ रडले.

मग तुझ्या मापाने गच्चीवर खडूने खोली आखली आणि पलंगाच्या जागी आडवी झाले. घरमालकीणबाई कपडे वाळत घालायला आल्या. मघाशी मला रडताना पाहिलं होतंच, आता आडवी पाहून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. ते पुसून बघते तर माझे पाय थेट दारात. मी तुझ्याहून उंच आहे हे साऱ्या जगाला दिसतं, तुझ्या टेपला दिसत नाही. रोज सकाळी मला ओलांडून बाहेर जाणार आहेस का? खोली आणखी दोन फूट वाढव.

आणि दोन खिडक्यांचं कौतुक कसलं? खोली एकच, वारा एकच. मधे फळ्यांची आडभिंत हवी. गळ्यापर्यंतच घे, भांडताना तुझं तोंड दिसलं पाहिजे.

खोली सोडत असल्याचं मालकीणबाईंना सांगितलंय. पुढच्या सोमवारी निघते. मी तिथे आडवी होऊन माप देईपर्यंत एक घमेलंही ओतू देऊ नकोस.

तुझी,
आणि या खेपेला बॅग न उचलणारी,
धाकटी