मंगळवारची आंघोळ

२६ मार्च १९६७

आठ दिवस झाले, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे. कार्पोरेशनचा शिपाई विडी ओढत बसलेला असतो. कापड बाहेर जायचं नाही, माणसानंही जायचं नाही. महाल भागात एवढ्या गल्ल्या, पण माता आली ती आमच्याच गल्लीत, अन् आधी माझ्याच कौशल्येला! सहा वर्षांची पोर. ताप उतरला, जीव वाचला. आता अंगभर देवीच्या खपल्या.

घरात फोडणी नाही, केसांत फणी नाही, दारावर कडुनिंबाचा डहाळा. माता घरात आहे म्हणून मागही बंद. हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसतात. विणायचं काही नाही, तरी तिथंच!

३१ मार्च

बळीरामजींच्या ओसरीवर बैठक झाली. ते गल्लीचे पंच. बांबू काढायला लावा, लग्नसराई चालली, इतवारीचे व्यापारी दुसरीकडून लुगडी उचलतील— सगळ्यांचं एकच. एकट्या कुसुमताई म्हणाल्या, अजून थोडे दिवस थांबू. तुमचा नवरा रेल्वेत, तुम्हाला घरबसल्या पगार येतो, असं तोंडावर ऐकवलं त्यांना. त्या उठून गेल्या. मलाही त्यांचा रागच आला. रोज पेज पिऊन पोरीच्या अंगावर मांस कुठून येणार?

निघताना बळीरामजी मला म्हणाले, "गोपिका, पोरीची आंघोळ मंगळवारी उरकून टाक. आंघोळ झाली म्हणजे माता गेली. कार्पोरेशनच्या साहेबाले मी सांगतो."

४ एप्रिल, मंगळवार

कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. दहीभाताचा नैवेद्य. गल्लीतल्या बाया ओवाळून गेल्या.

तोंडाच्या, हाताच्या खपल्या पडल्या आहेत. तळपायाच्या नाहीत. तिथली कातडी जाड, आत काळे दाणे तसेच. शेवटची खपली पडेपर्यंत बांबू काढणार नाही, असं साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी दोन्ही तळव्यांना हळदीचा जाड लेप दिला. साहेबानं तोंड पाहिलं, हात पाहिले. पायांचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी बांबू निघाले. कोणीतरी फटाक्यांची लड लावली.

८ एप्रिल

शामला आली! सक्करदऱ्याहून एवढ्या उन्हात, सहावा महिना असताना. म्हटलं, धाकटी असून माझी आई झालीस तू. पोटुशी आहे म्हणून सासूनं तिला यंदाची लस टोचू दिली नाही.

कौशल्येचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसली. "काय वं ताई, पोरीचे पाय किती खरबरीत झाले!" नखानं एकेक दाणा काढायची अन् पदर झटकायची.

मी पाहिलं. तिला थांबवता आलं असतं. आंघोळ झाली ना, मग झालं— असं मनाला सांगत मी चुलीकडे गेले, भाजीला फोडणी दिली.

१२ एप्रिल

व्यापारी फिरकला नाही. या गल्लीच्या कापडाला गिऱ्हाईक हात लावत नाही म्हणे. मग उघडून काय मिळवलं?

२१ एप्रिल

रुपरावांचा, शामलाच्या नवऱ्याचा निरोप. शामलाला कालपासून ताप, कंबर फुटते आहे. ती आली होती तेव्हापासूनचे दिवस मी बोटांवर मोजले. पुन्हा मोजले.

२३ एप्रिल

माताच. त्यांच्या गल्लीलाही बांबू लागले. मी अलीकडे, रुपराव पलीकडे. मला आत जाऊ द्या म्हणून शिपायाच्या पाया पडले. रुपराव खाली बघत म्हणाले, "शामला म्हणते, ताईले येऊ देऊ नका. तिले लागन."

मला लागेल! माझ्याच घरातून गेलं अन् तिला माझी काळजी!

२७ एप्रिल

शामला गेली. पोटातलंही गेलं.

३० एप्रिल

काल व्यापारी आला, लुगडी घेऊन गेला. पहाटेपासून गल्लीतले सगळे माग सुरू. आमचाही. तो आवाज मला सोसत नाही.

बळीरामजींच्या घरातून पाच दिवस फोडणीचा वास नाही. त्यांचा नातू अंगणात दिसत नाही. बायकोला विचारलं तर म्हणते, पित्त झालं. डहाळा मागच्या दाराला बांधला आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, अन् सगळी गल्ली गप्प आहे. मीही अशीच गप्प होते.

यांना म्हटलं, मी साहेबाला सांगते. यांनी माग थांबवला. "आता काहून बोलतं वं? बोलल्यानं शामला वापस येणार हाय काय?" बोलताना त्यांना रडू आलं. मलाही.

१ मे

साहेब आला. सक्करदऱ्यात कुठून गेलं, विचारत होता. बळीरामजी म्हणाले, आमच्या गल्लीतून नाही, इथं आता कोणालाच काही नाही.

मी म्हटलं, "माह्या घरातून गेलं, साहेब. पोरीच्या तळपायाले खपल्या होत्या, मले माहीत होतं. आता बळीरामजींच्या घरात पहा."

दुपारी बांबू पुन्हा बांधले. गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नाही.