खंडेनवमीला उतरवलेले शॉकअप

अण्णा, गाडीच्या पुढच्या दोन शॉकअपचा खरा खर्च सांगतो: दोन रविवार, डाव्या अंगठ्याचं नख आणि तुमच्या सुनेच्या हातच्या चकल्यांचा भरलेला डबा. डॉलरचा आकडा लिहीत नाही, तुम्ही तिथून ओरडाल. इथे परदेशात, व्हिटबीत, आता माझ्या दोन व्हॅन फिरतात, लोकांच्या घरांची वायरिंग करतो. आल्या आल्या गोदामात खोकी उचलली होती, पाठ अजून त्याची आठवण देते. पण पोट भरतंय ते तुमच्या सांगलीच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात शिकलो त्यावरच. मोटार चालू केली की बेअरिंग गेलंय की कॉइल, हे तुम्ही डोळे मिटून सांगायचात. तो कान माझ्याकडे आलाय, असं मी चारचौघांत सांगत असतो.

तुमच्या नातीला मार्कहॅमला नोकरी लागली. घरातली जुनी गाडी स्वतःच्या हाताने ठाकठीक करून तिला द्यायची ही माझी हौस. तिचा डोळा नव्या गाडीच्या लीजवर, म्हणजे महिन्याच्या भाड्यावर. आधीच्या रविवारी मी हेडलाइटना बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, मध्ये रिले, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, तुम्ही बजावायचात तसा. दिवे असे लागले की समोरच्यांनी पडदे ओढून घेतले. मग आठवडाभर गाडी चालवून ती म्हणाली, "बाबा, इट क्लंक्स. प्रत्येक स्पीड बंपवर. संडेपर्यंत गेलं नाही तर आय ॲम लीजिंग." शेजारी बसून मी एक चक्कर मारली, डोळे मिटले आणि निकाल दिला: पुढचे दोन्ही शॉकअप संपले.

रविवारी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं काढली, जुने शॉकअप उतरवले आणि जेवायला आत गेलो. येऊन बघतो तर माझी सगळी हत्यारं पाटावर, पुसलेली, हळदकुंकू लावलेली, वर ग्रोसरीतून आणलेली शेवंती. खंडेनवमी. तुमचा नियम दरवर्षी मीच बायकोला ऐकवायचो आणि मीच विसरलो. उद्या दसऱ्याला उचला हो, म्हणाली, आज पान्याला हात लावायचा नाही. उद्या सकाळी तर पोरीला कामावर रुजू व्हायचं होतं. ती गराजच्या दारात उभी राहून बिनचाकाच्या गाडीकडे बघत होती. तिने फोनवर लीजचं पान उघडलं.

मला तो गिरणीवाला आठवतो. खंडेनवमीलाच तो जळलेली मोटार हातगाडीवर घालून येतो, गिरणीत लोकांची दळणं खोळंबलेली. तुम्ही मान हलवता. "हत्यारं आज पाहुणी आहेत. पाहुण्यांना कामाला लावतोस?" तो रडकुंडीला येतो. तुम्ही त्याला चहा पाजता आणि तो चहा संपायच्या आत शेजारच्या सायकलवाल्या चाचांकडून त्यांची पक्कड आणि पाने मागून आणता. पाहुणी तुमची हत्यारं होती, चाचांची नव्हती.

म्हणून मी चकल्यांचा डबा घेऊन शेजारच्या सरदारजींकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा, आपके औजार छुट्टी पर, और हमारे डबल शिफ्ट करेंगे?" पेटी घेऊन स्वतःच आले, आणि चकल्या खात मला सूचना देत राहिले. नख त्यातल्याच एका सूचनेत गेलं. उन्हं कलायच्या आत नवे शॉकअप बसले, चाकं चढली.

पोरीला स्टिअरिंगवर बसवलं, मी बाजूला. शाळेजवळच्या पहिल्याच बंपवर ठक्क. नवे आहेत, बसतील, मी म्हटलं. दुसऱ्यावर पुन्हा. आवाज खालून नाही, बॉनेटमधून येतोय, असं म्हणत तिने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि एका बोटाने बॅटरी ढकलली. बॅटरी डुलली. वायर ओढताना तिची पट्टी मी सैल केली होती, ती आवळायची राहिली होती. पोरीचं हसू थांबेना. सरदारजींचा दहा नंबरचा पाना माझ्या खिशातच होता, तो घेऊन नट तिनेच आवळला. "फाइन, आय विल टेक इट," म्हणाली. "पण यापुढे ऐकायचं काम माझं."

सोमवारी उजाडायच्या आधी ती निघाली, तेव्हा दिव्यांनी अख्खी गल्ली उजळली. कोपऱ्यावरच्या बंपपर्यंत मी कान देऊन उभा होतो. काही वाजलं नाही. सरदारजींना मी सांगितलंय की जुने शॉकअप पार टाकाऊ झाले होते. तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही, हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. काल गराजमध्ये ते दोन्ही दाबून पाहिले. दोन्ही उत्तम आहेत.